पट्टा की साखळी

सकाळचे पावणेआठ वाजले होते आणि गॅरेजचं शटर अजून अर्ध्यावरच होतं. आज गिऱ्हाईक नऊनंतर, असा मिस्त्रींचा हुकूम होता. आत दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, जुळ्या बहिणींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवावेत तशा. कंपनी तीच, साल तेच, काचेवरचा धुळीचा थरसुद्धा तोच. कंपनीनं त्या वर्षी मधेच इंजिन बदललं होतं, एवढा एकच फरक. आधीच्या इंजिनात आतली चक्रं पट्ट्यानं फिरत, नंतरच्यात साखळीनं. ताकद तेवढीच, पेट्रोल तेवढंच, किंमत उन्नीस-बीस. तरी गेला आठवडाभर या घरात दुसरा विषय नव्हता.

गाडी मिस्त्रींच्या लेकीला, थोरलीच्या नणंदेला हवी होती. तिची बदली घाटावरच्या दवाखान्यात झाली होती. नर्स एकच, गावं अकरा, आणि बाळंतपणं काही घड्याळ बघून येत नाहीत. तिथल्या वळणांवर गाडी बंद पडली तर मदतीला सकाळपर्यंत कोणी यायचं नाही, हे तिनं स्वतःच सांगितलं होतं. सांगताना हसली होती, पण थोरलीला ते हसू आवडलं नव्हतं.

थोरली म्हणजे मिस्त्रींची थोरली सून. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, तरी घरात तिला नाव तेच राहिलं होतं. माहेरी परतायचा सल्ला सगळ्यांनी दिला होता, एकट्या मिस्त्रींनी नाही. "वरच्या दोन खोल्या तुझ्या आणि पोरीच्या. खाली बिलं करत बस," एवढंच ते म्हणाले होते, आणि तेव्हापासून ती काउंटरवर बसत होती. निदान लोकांना तरी तसंच वाटत होतं.

"बाबा, गाडी निवडताना कानांनी इंजिन ऐकायचा आता काय संबंध?" धाकटा दीर हातातले छापील कागद झटकत म्हणाला. तो विम्याच्या कंपनीत अपघाती गाड्यांची पाहणी करायचा, म्हणजे मोडलेल्या गाड्या बघण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. चालत्या गाड्यांचा अनुभव बेताचाच. "कंपनीनं पट्टा काढून साखळी का घातली? पट्टा तुटतो म्हणून. साखळी आयुष्यभर चालते, बदलावी लागत नाही. हे मी नाही, कंपनी म्हणते."

"कंपनीच्या तोंडाला काय हात लावायचाय," मिस्त्री म्हणाले. ते त्याच्या समोर, त्याच्या ओठांवर नजर ठेवून उभे होते. "वेळेवर तेल बदललं तर चालते आयुष्यभर. नाही बदललं तर साखळी ताणून सैल होते. ती ताणली की इंजिनाचं आयुष्य किती, ते तिचं तिला ठाऊक."

"आणि पट्टा तुटला तर काय इंजिन हार घालतं गळ्यात?"

"पट्ट्याची मुदत लिहिलेली असते. मुदत संपली की बदलायचा, मोकळं व्हायचं."

"कोण लक्षात ठेवणार मुदत? ताई का? तिला स्वतःचं जेवण लक्षात राहत नाही."

"माझं जेवण मधे आणू नकोस," नणंद म्हणाली. दहाला तिची ड्यूटी होती, ती गणवेशातच आली होती. "मला दोन्हीतलं काही कळत नाही. बाबा ऐकतील आणि सांगतील ती घेईन. आपल्याकडे हेच चालत आलंय."

हे मात्र खरं होतं. मिस्त्रींच्या वडिलांपासूनचा नियम होता: इंजिन ऐकल्याशिवाय गाडी दारात आणायची नाही. तेही गरम इंजिन नाही. रात्रभर थंड झालेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू होतं तेव्हा दोन-तीन सेकंद ते खरं बोलतं. तेल वर चढलं की दुखणं झाकलं जातं. म्हणून दलालाकडून दोन्ही गाड्या काल संध्याकाळीच आणून ठेवल्या होत्या, आणि दहाला तो त्या परत न्यायला येणार होता. प्रत्येक इंजिनाची थंड सुरुवात एकदाच मिळणार होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून मिस्त्री ऐकणार, आणि मग सांगणार. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

फक्त मिस्त्रींना आता ऐकू येत नव्हतं.

तोंडासमोर बोललेलं कळायचं, जाडेभरडे आवाज पोचायचे. पण इंजिनातले बारीक आवाज, टिकटिक, खरखर, किरकिर, सगळे गेले होते. चाळीस वर्षं हातोडा आणि सायलेन्सरशिवायची इंजिनं, दुसरं काय होणार. दीड वर्षापूर्वी एक टेम्पो त्यांनी साफ म्हणून पाठवला, तेव्हा काउंटरवर बसलेल्या थोरलीला त्याच्या पोटातली किरकिर ऐकू आली होती. टेम्पो दुसऱ्या दिवशी दोरीला बांधून परत आला. तिनं मिस्त्रींना एकट्यात गाठून विचारलं. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी, गॅरेजात कोणी नसताना, त्यांनी तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हणाले, "ऐक. आणि काय ऐकलंस ते मला तोंडासमोर सांग."

तेव्हापासून ती त्यांचे कान झाली होती. खूण साधी होती. मिस्त्री इंजिनावर वाकणार, ती काहीतरी पुसायच्या निमित्तानं समोर उभी राहणार. ऐकून झाल्यावर हात पुसायचा फडका खांद्यावर असला तर इंजिन साफ; फडका हातात आला तर आत काहीतरी आहे. मग आत जाऊन ती नीट सांगायची. दीड वर्षात एकही गाडी परत आली नव्हती. गावभर मिस्त्रींच्या कानांची वाहवा चालली होती, आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. रोज नवं काहीतरी कळत होतं, दुपारच्या निवांत वेळी पानाही हातात यायला लागला होता. नवरा गेल्यापासून सकाळी उठावंसं वाटायला लावणारी तेवढी एकच गोष्ट तिच्याजवळ होती.

पण गेल्या महिन्यात धाकट्यानं विषय काढला होता. गाड्या धुण्याचं मोठं केंद्र काढणाऱ्या कोणालातरी ही जागा हवी होती. "बाबा, किती दिवस हात काळे करणार? जागा देऊन टाकू. वहिनींचीही सोय बघू कुठेतरी." त्यावर मिस्त्रींनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माझे कान चालताहेत तोवर हे गॅरेज चालेल. ज्या दिवशी कान जातील त्या दिवशी किल्ली तुझी." धाकट्यानं मान डोलावली होती. थोरली मात्र त्या दिवशी जेवली नव्हती. त्या 'कुठेतरी' शब्दाचा तिनं धसका घेतला होता.

"चला, लावा पट्ट्याची आधी," मिस्त्री म्हणाले.

धाकटा गाडीत बसला. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. थोरली पलीकडे, दिव्याची काच पुसत उभी. किल्ली फिरली आणि इंजिन एका दमात, काही कुरकुर न करता चालू झालं. तिनं श्वास रोखून पहिले तीन सेकंद ऐकले. मग आणखी दहा. फडका खांद्यावर टाकला. मिस्त्रींनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिल्या न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हिचं पोट साफ आहे. पट्टा मुदतीला आलाय, तेवढा बदलावा लागेल."

"म्हणजे घेतल्या घेतल्या खर्च," धाकटा इंजिन बंद करत म्हणाला.

"दोन ओळी वाचल्या की हा स्वतःला इंजिनियर समजतो," मागून आवाज आला. जिन्यावरून आक्का उतरत होत्या. मिस्त्रींची थोरली बहीण. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. हातात चहाच्या कपांचा ट्रे, आणि तो प्रत्येक पायरीला कलत होता. "आज म्हटलं थोरलीला आराम. चहा मी करते. धर गं, धर आधी, माझा गुडघा बोलायला लागलाय."

थोरली धावली. ट्रे तिनं दोन्ही हातांनी धरला आणि गाड्यांकडे वळली. ठेवायचा कुठे? काउंटरवर धाकट्याचे कागद पसरलेले, बाकावर आक्का बसल्या. तेवढ्यात धाकटा दुसऱ्या गाडीत जाऊन बसलाही होता, आणि मिस्त्री वाकले होते.

"थांबा, भाऊजी," ती म्हणाली. पण त्यानं किल्ली फिरवली होती.

खर्रर्र.

दीड सेकंद, फार तर दोन. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे हलवावेत तसा आवाज, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात इंजिन गुळगुळीत चालू लागलं. साखळी सैल होती. असा आवाज तिनं आधी एकदाच ऐकला होता, आणि मालकानं दुरुस्ती टाळलेल्या त्या गाडीची साखळी महिन्याभरात दात सोडून घसरली होती. इंजिन जागेवर गेलं होतं, भर रस्त्यात.

तिचे दोन्ही हात ट्रेवर होते. फडका खांद्यावर होता.

मिस्त्रींनी डोळे उघडले. तिच्या खांद्याकडे पाहिलं.

"साफ," ते म्हणाले. "हीपण साफ."

"बघा," धाकटा काच खाली करून म्हणाला. "दोन्ही साफ, आणि हिला पट्टा बदलायची भानगड नाही. झालं ना, ताई? लाव दलालाला फोन."

"अरे, मी तर पहिल्यापासून साखळीच म्हणत होते," आक्का म्हणाल्या. त्यांनी असं काहीही म्हटलेलं कोणाला आठवत नव्हतं. "लोखंड ते लोखंड. रबराचा काय भरवसा?"

नणंदेनं पर्समधून फोन काढला. थोरलीनं ट्रे तसाच जमिनीवर ठेवला, फडका हातात घेतला, पिळला, झटकला. पण मिस्त्री आता स्क्रूड्रायव्हर पुसत होते आणि वर बघत नव्हते. ते आत जातील, मग तोंडासमोर उभं राहून सांगता येईल, असं तिच्या मनात आलं. पण तोवर शब्द दिला गेला असता. दलाल माणूस, एकदा हो म्हटलं की दुसऱ्या गाडीचं गिऱ्हाईक त्यानं तयार ठेवलेलं. बोलावं तर मिस्त्री उघडे पडणार, आणि त्यांच्याबरोबर तिचं छप्परही. न बोलावं तर ही बाई त्या वळणांवर, अपरात्री, एकटी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"ताई, ही गाडी घेऊ नका," ती म्हणाली.

नणंदेचा अंगठा फोनवर थांबला.

"का गं?"

"हिची साखळी सैल आहे. चालू होताना खरखरली."

धाकटा इंजिन बंद करून गाडीतून उतरला. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "मी आत बसलो होतो, मला काही ऐकू आलं नाही."

"काचा वर होत्या तुमच्या. आणि काय ऐकायचं ते माहीत असावं लागतं."

"वहिनी, बाबांनी स्वतः कानानं ऐकलं. साफ म्हणाले. तुम्ही बिलं करता. आता तुमचा कान बाबांपेक्षा मोठा झाला का?"

ती मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मामंजी, साखळी खरखरली. मी ऐकलं."

मिस्त्रींचा चेहरा क्षणभर पडला. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. धाकटा हाताची घडी घालून उभा होता. आक्का मान वाकडी करून बघत होत्या. मग त्यांनी थोरलीच्या नजरेला नजर न देता सांगितलं, "भास झाला असेल तुला. जा, चहा दे सगळ्यांना."

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. दीड वर्षात ते कधी असं बोलले नव्हते, एकट्यात नाही आणि लोकांतही नाही. जमिनीवरच्या कपांतून वाफ निघत होती, ते उचलावेत आणि गप्प वर निघून जावं असं तिला फार वाटलं. लेकीची शाळेची तयारी व्हायची होती. कोणी विचारलं असतं तर तिनं कामाचं निमित्त सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"परत लावून बघू," नणंद म्हणाली.

"काही उपयोग नाही," थोरली म्हणाली. "इंजिन गरम झालंय. आता संध्याकाळपर्यंत ते तोंड उघडणार नाही. दलाल दहाला येतोय."

"म्हणजे पुरावा नाही," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "वहिनी, मला एक खरं सांगा. गॅरेज जाईल म्हणून तुम्ही हे सगळं महत्त्व वाढवताय का? मी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाहीये हो. पण बाबांना त्यांच्याच गॅरेजात खोटं पाडायचं?"

"चुकलंच तिचं," आक्का म्हणाल्या. "सुनेनं सासऱ्याचा शब्द मोडायचा, तोही लेकाच्या देखत?"

"खोटं पाडत नाहीये मी त्यांना," थोरली म्हणाली. "मला जे ऐकू आलं ते सांगतेय. ताई, तुम्ही तिथे एकट्या असणार. मला झोप लागणार नाही. बाकी कोणाला काय वाटायचं ते वाटू दे."

थोरली मघाशी मिस्त्रींशी एवढे सुटे शब्द का बोलली, हे नणंदेच्या मनात अडकलं होतं. ती थोरलीकडे पाहत होती, जणू पेशंट 'काही होत नाही' म्हणतोय आणि नाडी दुसरंच सांगतेय. मग तिनं फोन पर्समध्ये टाकला. मिस्त्री पाठमोरे होऊन अवजारं खणात लावत होते. ती चार पावलं मागे गेली, त्यांच्या बरोबर पाठीशी उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, मग मी ही गाडी घेऊ ना?"

मिस्त्रींनी पाना उचलला, पुसला, जागेवर ठेवला.

"बाबा, इकडे बघा जरा."

दुसरा पाना. तोही पुसला.

"अरे, लेक बोलतेय तुझी," आक्का बाकावरून म्हणाल्या, आणि मग त्यांनी तोंडावर पदर धरला.

गॅरेजात एवढी शांतता होती की गरम इंजिनाचं लोखंड निवताना टिकटिकत होतं, ते चौघांना ऐकू येत होतं. मिस्त्रींनी खण बंद केला आणि वळले. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे त्यांनी पाहिलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते काय समजायचं ते समजले. बाकाचा कोपरा धरून ते बहिणीशेजारी बसले.

"कधीपासून?" नणंदेनं समोर जाऊन विचारलं.

"दीड वर्ष."

"आणि या दीड वर्षात ज्या गाड्या—"

"हिनं." त्यांनी थोरलीकडे बोट केलं, पण डोळे वर केले नाहीत. "सगळ्या हिनं ऐकल्या. मी नुसता वाकत होतो." मग एकदम तिच्याकडे बघून, जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाले, "फडका खांद्यावर होता ना गं तुझा?"

"आक्कांनी ट्रे दिला होता हातात, मामंजी. काढणार कशानं?"

आक्कांना फडक्याचं काही कळलं नव्हतं, तरी आपलं नाव आलं एवढं कळलं, आणि त्या जमिनीवरच्या ट्रेकडे रागानं बघू लागल्या.

"पण मी तोंडासमोर येऊन सांगितलं तुम्हाला," थोरली म्हणाली. "तेव्हा तर कळलं होतं. तरी भास झाला म्हणालात. ताईंचा जीव जाता, मामंजी."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "भ्यालो," ते म्हणाले.

धाकटा इतका वेळ कागदांची सुरळी करत उभा होता. त्याला आनंद झाला असेल असं थोरलीला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा उतरला होता. "मला सांगायचं नाही, बाबा? मी काय परका?" एवढं म्हणून तो थांबला. मग घसा साफ करत म्हणाला, "पण मग ठरलंच की. तुम्हीच म्हणाला होतात, कान जातील त्या दिवशी किल्ली माझी. आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक मिस्त्रींच्या नावावर येतं. वहिनींच्या कानाच्या भरवशावर कोण गाडी सोडणार इथं?"

"मी सोडते," नणंद म्हणाली. "आणि घाटात मी चालवणार आहे, तू नाहीस. तुझ्या कागदांवर तू चालव."

"ताई, तू भावनेच्या भरात—"

"भरात नाही. दीड वर्षात इथून एक गाडी परत आली का ते सांग मला."

धाकट्यानं कागदांची सुरळी खिशात खोचली. बाहेर अर्ध्या शटरखाली कोणाचेतरी दोन पाय येऊन थांबले होते. नऊचं गिऱ्हाईक लवकर आलं होतं.

मिस्त्री बाकावरून उठले. कंबरेला अडकवलेली किल्ल्यांची जुडी त्यांनी सोडली, आणि धाकट्याचा हात नकळत थोडा पुढे आला. मिस्त्री त्याच्यासमोरून गेले, थोरलीजवळ थांबले. किल्ल्या त्यांनी तिलाही दिल्या नाहीत. त्यांच्या मुठीतच राहिल्या. आजवर आडून, खुणेनं, आत जाऊन जे विचारत आले होते, ते त्यांनी सगळ्यांच्या देखत, शटरबाहेरच्या पायांच्याही देखत विचारलं.

"कुठली घ्यायची?"

थोरलीचा राग गेला नव्हता, आणि रडूही येत होतं. "पट्ट्याची," ती पुटपुटली. "पट्टा आजच बदलू. मी बदलते."

मिस्त्रींनी तिच्या ओठांकडे पाहिलं नाही. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, मग शटरकडे, आणि उजवा हात कानामागे धरला.

"जरा मोठ्यानं बोल, पोरी," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "मला ऐकू येत नाही."